बायर्नला झालंय तरी काय? (बुंदेसलीगा २०२२-२३)

गोलपोस्ट | १८ सप्टेंबर २०२२

काल आउग्सबुर्गने बायर्न म्युनिकला १-० हरवलं. बुंदेसलीगा या जर्मन फुटबॉल लीगमधला त्यांचा सलग चौथा सामना विजयाविना गेला. सात सामन्यांत १२ गुण आणि पाचवा क्रमांक. वर युनियन बर्लिन १७, डॉर्टमुंड १५, फ्रायबुर्ग १४, होफेनहाइम १३.

ऑगस्टमध्ये हाच संघ फ्रँकफुर्टला ६-१, वोल्फ्सबुर्गला २-० आणि बोखुमला ७-० धुऊन काढत होता. तीन सामन्यांत १५ गोल! त्यानंतर ग्लाडबाखशी १-१, युनियनशी १-१, श्टुटगार्टशी २-२ आणि काल शून्य. फेब्रुवारी २०२० मध्ये लाइपझिगशी ०-० झाली होती, त्यानंतर सलग ८७ लीग सामन्यांत बायर्नने गोल केला होता. ती मालिकाही काल तुटली. शेवटच्या क्षणी बायर्नचा गोलरक्षक नॉयर स्वतः कॉर्नरला पुढे आला, त्याचा हेडर गोलात जाणार असं वाटलं आणि आउग्सबुर्गचा गोलरक्षक गिकिएविचने तोही अडवला. गोलरक्षकावर गोल करायला यायची पाळी आली, यातच सगळं आलं.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. बायर्नची सलग दहा विजेतेपदं झाली. आता सगळीकडे 'यंदा बायर्नचं विजेतेपद जाणार' सुरू झालंय. मला ते पटत नाही. बायर्न अडखळतंय हे खरं, पण बायर्न अडखळल्याने दुसरा कुणी आपोआप विजेता होत नाही. ते निसटलेले गुण कुणीतरी उचलावे लागतात, आणि उचलायचे कुठे तर बोखुम, श्टुटगार्ट, आउग्सबुर्ग, ब्रेमेन यांच्याविरुद्ध. डॉर्टमुंडचंच बघा. २० ऑगस्टला घरच्या मैदानावर ब्रेमेनविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत २-० पुढे होते आणि ३-२ हरले! ते तीन गुण मे महिन्यात आठवतील.

तुमची मतं लिहा. आता दोन आठवडे आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी आहे, वेळच वेळ आहे.

---

इसारकाठचा | १८ सप्टेंबर २०२२

चांगला धागा. मी म्युनिकमध्येच असतो. कालपासून इकडे ऑक्टोबरफेस्ट सुरू झालाय, कोरोनामुळे दोन वर्षं झाला नव्हता म्हणून गर्दी प्रचंड. अशा दिवशी आउग्सबुर्गकडून हरणं गावाला फार लागलंय. गाडीने जेमतेम तासाभराचं अंतर, म्हणजे शेजारीच.

ग्लाडबाखचा सामना मी अरीनात, म्हणजे बायर्नच्या स्टेडियमात बसून पाहिला. त्याबद्दल लिहितोच, कारण सगळ्याची सुरुवात तिथून झाली. बायर्नने ३३ वेळा गोलवर मारलं. ग्लाडबाखचा गोलरक्षक यान सोमरने १९ वाचवले, बुंदेसलीगात अशी नोंद ठेवायला लागल्यापासूनचा हा विक्रम. सोमरची उंची १.८३ मीटर, म्हणजे आजच्या गोलरक्षकांत बुटकाच. पण माणूस चेंडू येण्याआधीच जागेवर असायचा. सानेने मारलं, अडवलं. मानेने मारलं, अडवलं. सुरुवातीला आमच्या स्टँडमध्ये प्रत्येक वेळी लोक डोक्याला हात लावत होते. नंतर नंतर शेजारचे म्हातारे गृहस्थ त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. ४३ व्या मिनिटाला आमचा बचावपटू उपामेकानोच्या एका चुकीवर ग्लाडबाखच्या थुरामने गोल केला होता. बरोबरी व्हायला ८३ वं मिनिट उजाडलं.

त्या दिवशी सगळे म्हणाले, नशीब. युनियनच्या वेळीही म्हणाले. चार वेळा झालं की नशीब म्हणता येत नाही.

---

रंकाळा | १८ सप्टेंबर २०२२

भावा, सरळ सांगतो. लेवांडोव्स्की नाही, विषय संपला. २०२०-२१ मध्ये त्यानं ४१ गोल मारले, गेर्ड म्युलरचा १९७१-७२ चा ४० चा विक्रम मोडला. गेल्या मोसमात ३५. असला माणूस बार्सिलोनाला दिला आणि त्याच्या जागी स्ट्रायकरच घेतला नाही. माने लई भारी खेळाडू, पण तो विंगवरनं आत येणारा. पेटीत (पेनल्टी बॉक्समध्ये) उभा राहून दोन सेंटरबॅकशी झोंबणारा न्हवं.

शाहू स्टेडियमवर कुठलाही जाणता प्रेक्षक सांगंल, समोरचा संघ दहा जण मागं लावून बसला की बारीक पासचा उपयोग नसतो, डोकं लावणारा पुढं लागतो.

---

पिवळी_भिंत | १९ सप्टेंबर २०२२

मी डॉर्टमुंडला शिकते आणि बीव्हीबीची, म्हणजे डॉर्टमुंड क्लबची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

रंकाळादादा, सहमत, पण एक जोडते. लेवांडोव्स्कीचे गोल गेले एवढंच नाही. तो नुसता उभा असला तरी दोन बचावपटू त्याच्यापासून हलायचे नाहीत, आणि त्यामुळे म्युलर आणि न्याब्रीला जागा मिळायची. आता साने, मुसियाला, म्युलर, माने चौघेही चेंडू पायात मागायला खाली येतात. पेटीत कुणीच उरत नाही. बायर्नचे प्रशिक्षक नागेल्समनने पहिल्या तीन सामन्यांत जे केलं ते विलक्षण होतं, कारण फ्रँकफुर्ट आणि बोखुम वर येऊन खेळले आणि मागे मैदान मोकळं सोडलं. इतरांनी ते पाहिलं आणि शहाणे झाले.

पुरावा हवा असेल तर मंगळवारचा सामना आठवा. बार्सिलोना म्युनिकला येऊन खुलेपणाने खेळले, पहिल्या अर्ध्यात त्यांनीच जास्त संधी तयार केल्या, खुद्द लेवांडोव्स्कीने त्यातल्या घालवल्या. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत लुका हर्नांडेझ आणि साने, २-०. चॅम्पियन्स लीगमध्ये इंटर आणि बार्सिलोनाला हरवणारा संघ श्टुटगार्ट आणि आउग्सबुर्गपुढे अडकतो, कारण ते जागा देत नाहीत.

ब्रेमेनच्या सामन्याबद्दल मात्र लिहायची माझी अजून तयारी नाही.

---

आकडेमोड | १९ सप्टेंबर २०२२

बायर्नची खराब सुरुवात ही काही पहिलीच नाही. इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो.

२०१०-११: लुई व्हान गालचा संघ आदल्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत खेळलेला. पहिल्या सात सामन्यांत ८ गुण आणि फक्त ५ गोल. कायझर्सलाउटर्नकडून हरले, ब्रेमेन आणि कोलोनशी ०-०, मग माइन्झ आणि डॉर्टमुंडकडूनही हरले. सावरलेच नाहीत. क्लॉपचं डॉर्टमुंड ७५ गुणांसह विजेतं, बायर्न ६५ गुणांसह तिसरं.

२०१८-१९: प्रशिक्षक निको कोव्हाच. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये आउग्सबुर्गशी बरोबरी, हेर्थाकडून ०-२, ग्लाडबाखकडून घरच्या मैदानावर ०-३. क्लबचे प्रमुख होनेस आणि रुमेनिगे यांनी पत्रकार परिषद घेऊन थेट जर्मन राज्यघटनेतलं मानवी प्रतिष्ठेचं कलम वाचून दाखवलं होतं, ते आठवत असेल. नोव्हेंबरमध्ये ड्युसेलडॉर्फशी ३-३ झाली, लुकेबाकिओने तिन्ही गोल केले, आणि डॉर्टमुंड नऊ गुणांनी पुढे गेलं. तरी मे महिन्यात बायर्न ७८, डॉर्टमुंड ७६.

२०१९-२०: फ्रँकफुर्टकडून ५-१ हरल्यावर कोव्हाच गेले, हान्सी फ्लिक आले. १४ सामन्यांनंतर बायर्न सातवं होतं, ग्लाडबाखपेक्षा सात गुण मागे. त्याच मोसमात त्यांनी लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकलं.

म्हणजे तीनपैकी दोनदा बायर्नच. आणि ज्या वर्षी गेलं त्या वर्षी समोर क्लॉपचा असा संघ होता की लहान संघांविरुद्ध गुण सांडतच नव्हता. गोलपोस्टचा मुद्दा मला तरी योग्य वाटतो.

---

मांडवी | २० सप्टेंबर २०२२

बायर्नला काय झालंय यापेक्षा बाकीच्यांना दहा वर्षं काय झालंय हा प्रश्न मोठा आहे. जर्मनीत ५०+१ चा नियम आहे. क्लबच्या मताधिकाराची बहुसंख्या सभासदांकडेच राहते, कुणी धनाढ्य येऊन क्लब विकत घेऊन टाकू शकत नाही. नियम सुंदर आहे, मला मनापासून आवडतो. बायर्नमध्येही ७५ टक्के मालकी सभासदांच्या क्लबची, उरलेली आदिदास, आउडी आणि अलियान्झ यांच्यात सारखी वाटलेली. पण ज्याच्याकडे आधीच पैसा आणि कीर्ती आहे त्याचं स्थान या नियमाने पक्कं होतं, आणि मग तो प्रतिस्पर्ध्याचेच खेळाडू उचलतो. २०१३ मध्ये ग्योट्झे, २०१४ मध्ये लेवांडोव्स्की, २०१६ मध्ये हुमेल्स, तिघेही डॉर्टमुंडकडून. गेल्या वर्षी लाइपझिगकडून उपामेकानो, साबित्झर आणि प्रशिक्षक नागेल्समनसुद्धा.

म्हणून मला युनियन बर्लिनला वर पाहून जो आनंद होतोय तो सांगता येत नाही. २०१९ मध्ये पहिल्यांदा बुंदेसलीगात आलेला क्लब. २००८-०९ मध्ये त्यांचं जुनं मैदान मोडकळीला आलं तेव्हा दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी सुट्ट्या टाकून, स्वतः सिमेंट कालवून ते पुन्हा उभं केलं. एखाद्या गावाने श्रमदानातून देऊळ बांधावं तसं. आजही तिथे बहुतेक लोक उभे राहूनच सामना पाहतात.

---

गोलपोस्ट | २० सप्टेंबर २०२२

मांडवी, युनियनबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. त्यांचे प्रशिक्षक उर्स फिशर यांची शिस्त बघण्यासारखी आहे. पण ३४ सामने तोच वेग टिकवायला राखीव खेळाडू लागतात, आणि युनियनला गुरुवारी युरोपा लीगही खेळायची आहे.

---

पिवळी_भिंत | ९ ऑक्टोबर २०२२

काल रात्री आवाज बसला. २-२! गोरेट्स्का आणि सानेच्या गोलांनी बायर्न २-० पुढे. मुकोकोने ७४ व्या मिनिटाला एक परत आणला. मोदेस्तने समोर जवळजवळ रिकामा गोल असताना चेंडू घालवला आणि आम्ही सगळे खाली बसलो. मग ९५ व्या मिनिटाला त्याच मोदेस्तचा हेडर! मोसमाच्या तोंडावर आमचा नवा स्ट्रायकर हालरला कर्करोगाचं निदान झालं म्हणून मोदेस्तला कोलोनहून घाईघाईने आणलं होतं. महिनाभर त्याला सगळे बोलत होते. काल दक्षिण स्टँडमधल्या पंचवीस हजार लोकांनी त्याचं नाव घेतलं.

---

आकडेमोड | ९ ऑक्टोबर २०२२

अभिनंदन ताई, सामना अप्रतिम झाला. पण एक आठवडा आधी डॉर्टमुंड कोलोनकडून ३-२ हरलं होतं. बायर्नविरुद्ध एक गुण कमावला, कोलोनकडे तीन ठेवून आले.

---

गोलपोस्ट | १४ नोव्हेंबर २०२२

विश्वचषकाची सुट्टी लागली. १५ सामन्यांनंतर: बायर्न ३४, फ्रायबुर्ग ३०, लाइपझिग २८, फ्रँकफुर्ट आणि युनियन २७, डॉर्टमुंड २५.

सप्टेंबरमध्ये ज्यांनी बायर्नला निरोप दिला होता त्यांनी हे बघावं. नागेल्समनने उत्तर घरातच शोधलं. चुपो-मोटिंग! दोन वर्षांपूर्वी पॅरिसहून फुकटात आलेला, बाकावर बसणारा, ३३ वर्षांचा. त्याला पेटीत उभं केलं आणि मुसियाला, साने, न्याब्री तिघांनाही मोकळी जागा मिळाली. रंकाळा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. फ्रायबुर्गला ५-०, ब्रेमेनला ६-१.

डॉर्टमुंड शेवटचे दोन सामने वोल्फ्सबुर्ग आणि ग्लाडबाखकडून हरलं. युनियनची दमछाक दिसायला लागली. बायर्नच्या वाईट महिन्यात जे गुण वाटेवर पडले होते ते कुणीच उचलले नाहीत.

---

रंकाळा | १५ नोव्हेंबर २०२२

चुपोचं नाव निघालं म्हणून लिहितो. हा गडी कुठल्याच संघात पहिल्या पसंतीचा न्हवता, पण पाठीवर सेंटरबॅक घेऊन चेंडू धरायचं काम नेमकं करतो. किमिशनं लांबनं टाकला की छातीवर घेणार, बाजूला मुसियालाला देणार, आणि लगेच वळून पेटीत. त्यात काही चमकदार नाही. पण बघत बसावं असं खेळतो.

---

इसारकाठचा | २९ जानेवारी २०२३

पुन्हा तेच. लाइपझिग १-१, कोलोन १-१, फ्रँकफुर्ट १-१. तीन सामने, तीन गुण. विश्वचषकानंतर नॉयर स्कीइंगला गेला आणि पाय मोडून घेतला, मोसम संपला त्याचा. त्याच्या जागी कुणाला आणलं? यान सोमरला! ऑगस्टमध्ये ज्याने १९ वाचवले त्यालाच ग्लाडबाखकडून विकत घेतलं. इकडचे लोक आता त्याच्या उंचीवरून कुरकुरतात, कारण डोळ्यांना नॉयरच्या १.९३ मीटरची सवय. मला तरी त्याच्यावर विश्वास आहे, मी त्याला पाहिलंय.

डॉर्टमुंडने तिन्ही जिंकले. नऊ गुणांचं अंतर तीनवर आलं. युनियन तर एकाच गुणाने मागे.

---

पिवळी_भिंत | ५ फेब्रुवारी २०२३

काल फ्रायबुर्गला ५-१ हरवलं. पण मला स्कोअरबद्दल लिहायचं नाही. सेबास्टियन हालरने बुंदेसलीगात आमच्यासाठीचा पहिला गोल केला. जुलैमध्ये अंडाशयाच्या ग्रंथीतला ट्यूमर सापडला, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, आणि काल, ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनाच्याच दिवशी गोल. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली बाई ढसाढसा रडत होती. घरी आल्यावरही मला काही सुचत नव्हतं.

---

मांडवी | ५ फेब्रुवारी २०२३

ताई, वाचून अंगावर काटा आला. एक छोटी दुरुस्ती सुचवतो, वृषणातला ट्यूमर होता. हालरने आजाराबद्दल उघडपणे बोलून तरुण मुलांनी तपासणी करून घ्यावी असं सांगितलं, म्हणून ते नीट लिहिलेलं बरं.

---

रंकाळा | २० फेब्रुवारी २०२३

काय मोसम आहे राव! ग्लाडबाखनं बायर्नला ३-२ हरवलं (उपामेकानोला आठव्याच मिनिटाला लाल कार्ड), डॉर्टमुंडनं हेर्थाला ४-१, युनियनची शाल्केशी ०-०. तिघंही ४३ गुणांवर! २१ सामने झाले आणि तीन संघ एकाच पायरीवर.

अवांतर: आपल्या राज्य शासनाच्या साथीनं बायर्ननं १४ वर्षांखालच्या पोरांसाठी महाराष्ट्रात स्पर्धा घेतली आहे, निवडलेल्या २० पोरांना म्युनिकला सरावाला नेणार. गल्लीतल्या पोरांच्या तोंडी आता मुसियालाचं नाव आहे. निवड पारदर्शक व्हावी आणि खेड्यातल्या पोरांना संधी मिळावी एवढीच इच्छा.

---

इसारकाठचा | २५ मार्च २०२३

नागेल्समनला काढलं. अजून विश्वास बसत नाही. लेव्हरकुसेनमध्ये व्हारने (व्हिडिओ पंचांनी) दिलेल्या दोन पेनल्टींवर २-१ हरलो, डॉर्टमुंड एका गुणाने पुढे गेलं (५३-५२), आणि पाच दिवसांत नवे प्रशिक्षक टुखेल आले. नागेल्समन तेव्हा सुट्टीवर डोंगरात स्कीइंगला होते, बातमी बाहेर आधी फुटली.

मला राग आलाय. ज्या संघाने पॅरिसला दोन्ही सामन्यांत हरवून चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली, चषकात जिवंत आहे, लीगमध्ये एक गुण मागे, त्याचा प्रशिक्षक एप्रिलच्या तोंडावर काढायचा? लीगमध्ये सातत्य नव्हतं हे मान्य. पण स्ट्रायकर न घेण्याचा निर्णय एकट्या नागेल्समनचा नव्हता. क्लब चालवणाऱ्या सालिहामिझिच आणि कान यांनी स्वतःलाही हा प्रश्न विचारायला हवा.

---

आकडेमोड | २ एप्रिल २०२३

बायर्न ४, डॉर्टमुंड २. तेराव्या मिनिटाला उपामेकानोचा लांब मारलेला चेंडू, डॉर्टमुंडचा गोलरक्षक कोबेल पुढे आला, हुकला, आणि चेंडू थेट आत. मग म्युलर दोनदा, कोमान. २३ व्या मिनिटालाच ३-०. पुन्हा बायर्न दोन गुणांनी पुढे.

---

पिवळी_भिंत | १६ एप्रिल २०२३

म्युनिकमधला पराभव मी गिळला. कालचा गिळवत नाही.

श्टुटगार्ट. आम्ही २-० पुढे. ३९ व्या मिनिटापासून ते दहा जण. तरी ७८ आणि ८४ व्या मिनिटाला गोल खाल्ले. ९२ व्या मिनिटाला रेनाने ३-२ केलं, वाटलं सुटलो. ९७ व्या मिनिटाला सिलास, ३-३. आणि हे त्याच दिवशी, ज्या दिवशी बायर्नने होफेनहाइमशी घरी १-१ केली! त्या संध्याकाळी बरोबरीत येण्याची संधी होती, तीच घालवली.

---

गोलपोस्ट | १६ एप्रिल २०२३

ताई, काय लिहू. बायर्न चषकात फ्रायबुर्गकडून ९५ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर बाहेर, मँचेस्टर सिटीकडून ०-३. इतकं डळमळीत बायर्न मी दहा वर्षांत पाहिलेलं नाही. याहून चांगली संधी डॉर्टमुंडला कधी मिळणार?

---

आकडेमोड | २९ एप्रिल २०२३

गेल्या शनिवारी बायर्न माइन्झकडून ३-१ हरलं, डॉर्टमुंडने फ्रँकफुर्टला ४-० हरवून पहिलं स्थान घेतलं. काल डॉर्टमुंडने बोखुममध्ये १-१ केली. अडेयेमीला पेटीत स्पष्ट पाडलं होतं, पेनल्टी मिळाली नाही, आणि रेफरींनी नंतर चूक मान्य केली. डॉर्टमुंडवर अन्याय झाला हे निर्विवाद. पण बोखुमविरुद्ध उरलेल्या वेळातही जिंकता यायला हवं होतं.

---

रंकाळा | २१ मे २०२३

जमलं!! लाइपझिगनं म्युनिकमध्ये बायर्नला ३-१ हरवलं आणि डॉर्टमुंडनं आउग्सबुर्गमध्ये ३-०. आता ७०-६८. शनिवारी घरच्या मैदानावर माइन्झला हरवायचं, बस्स. माइन्झ शेवटचे चारही सामने हरलंय. ताई, तिकीट मिळालं का?

---

पिवळी_भिंत | २१ मे २०२३

तिकीट नाही मिळालं दादा. शहरात मोठ्या पडद्यावर बघणार. २०१२ नंतर पहिल्यांदा. गावात दुकानांच्या काचा, बाल्कन्या, ट्राम, सगळं पिवळं झालंय.

---

मांडवी | २७ मे २०२३, रात्री

हे कसं झालं? पिवळी_भिंत, तुम्ही ठीक आहात ना?

---

इसारकाठचा | २७ मे २०२३, रात्री

कोलोनमधून लिहितोय. कोमानने आठव्या मिनिटाला गोल केला तेव्हा आमच्या कोपऱ्यात नाचलो, पण सगळ्यांचे डोळे फोनवर. डॉर्टमुंड ०-१. मग हालरची पेनल्टी माइन्झचा गोलरक्षक डाह्मेनने अडवली. मग ०-२! आम्हाला खरंच वाटेना.

८१ व्या मिनिटाला न्याब्रीच्या हाताला चेंडू लागला, ल्युबिचिचने पेनल्टीवर १-१ केलं. त्या क्षणी विजेतेपद डॉर्टमुंडकडे, हरत असूनही! आठ मिनिटं कुणी बोललं नाही. मुसियालाला ८५ व्या मिनिटाला आत पाठवलं. ८९ व्या मिनिटाला पेटीच्या कडेवर चेंडू आला, त्याने तो बचावपटूंच्या मधून खाली कोपऱ्यात सरकवला. २० वर्षांचा पोरगा! अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या.

आणि अजून नाचत होतो तोवर बातमी, कान आणि सालिहामिझिच यांना काढलं. विजेतेपदाच्याच दिवशी.

---

आकडेमोड | २८ मे २०२३

बायर्न ७१, डॉर्टमुंड ७१. गोलफरक +५४ आणि +३९. सलग अकरावं.

ऑगस्टपासूनचा हिशेब मांडतो. ब्रेमेनविरुद्ध ८९ व्या मिनिटानंतर गेलेले तीन गुण. श्टुटगार्टमध्ये दहा जणांविरुद्ध दोन. बोखुममध्ये दोन. माइन्झविरुद्ध काल दोन. यातलं एकही वाचलं असतं तर विजेतेपद डॉर्टमुंडचं होतं. बायर्नने दोन्ही सामन्यांत डॉर्टमुंडकडून फक्त चारच गुण घेतले. ७१ गुणांत बायर्नला विजेतेपद मिळालं, याचा अर्थ दार वर्षभर उघडं होतं.

अवांतर: ओलिव्हर कानने बायर्नसाठीचा निरोपाचा सामना कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळला होता, २७ मे २००८ ला. बरोबर १५ वर्षांनी त्याच तारखेला त्याला पदावरून दूर केलं.

---

पिवळी_भिंत | २९ मे २०२३

दोन दिवस लिहिता आलं नाही. सगळ्यांच्या निरोपांबद्दल मनापासून आभार.

हालरच्या पेनल्टीसाठी त्याला इथे कुणीही बोललेलं मी ऐकलं नाही, आणि बोलू नये. ग्वेरेरोने ६९ व्या मिनिटाला एक गोल केला, झ्युलेने ९६ व्या मिनिटाला बरोबरी केली, म्युनिकहून आलेल्या झ्युलेने. अजून एकच हवा होता. मग शिट्टी. आमचे प्रशिक्षक तेर्झिच दक्षिण स्टँडसमोर एकटे उभे राहून रडत होते आणि स्टँड त्यांच्यासाठी गात होता. पडद्यासमोर आम्हीही गात होतो. हरलेल्या प्रशिक्षकासाठी इतका वेळ गाणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले, आणि मी या क्लबची आहे याचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका जिंकूनही वाटला नसता.

आकडेमोडदादांचा हिशेब बरोबर आहे. मी त्यात ग्लाडबाखमधल्या नोव्हेंबरच्या ४-२ चाही पराभव धरते. बेलिंगहॅम बहुतेक जाणार. पुढच्या वर्षी मधली फळी नव्याने बांधायची आहे.

---

गोलपोस्ट | २९ मे २०२३

ताई, बेलिंगहॅम गेला तरी कोबेल, श्लॉटरबेक, अडेयेमी, ब्रांट आहेत. मला डॉर्टमुंडच्या आघाडीची चिंता नाही. दोन गोलांनी पुढे असताना शेवटची पंधरा मिनिटं सामना कसा झोपवायचा, हे त्यांच्याकडून अजून होत नाही. त्यासाठी मधल्या फळीत चेंडू पायाखाली दाबून ठेवणारा एक शांत, वयस्क माणूस हवा.

आणि बायर्नने या उन्हाळ्यात खरा स्ट्रायकर घेतला नाही, तर सप्टेंबरमध्ये मी पुन्हा हाच मथळा लिहीन.

---

रंकाळा | २९ मे २०२३

घेणार बघ. एवढं झाल्यावर न घेऊन सांगतात कुणाला? पण माझं मत, चुपोला अजून एक वर्ष ठेवावा.